दोनांतला एक अँटेना मुका

१० डिसेंबर २०२४, मंगळवार

बारकू नावाच्या मजुराच्या पायावर पाइपांचा गठ्ठा आला. रांध्याच्या पाइप कारखान्यात, दुपारची पाळी नुकती लागली होती. जीव वाचला, पण उजव्या पायाची दोन बोटं गेली.

क्रेन चालवत होता लखन. माझ्या शेजारच्या खोलीतला लखन! त्याची सरिता धावत आली — "आत्या, ह्यांना चौकीवर नेलंय." मी पायात चपला सरकवल्या आणि निघाले, तर रस्त्यातच तो येताना दिसला. तोंड चुन्यासारखं पांढरं. म्हणतो, "आत्या, मी बटन सोडलं होतं. देवाशप्पथ! मी सोडलं आन् ती पुढे जातच राहिली."

त्याची क्रेन ज्या रिमोटवर चालते तो आमच्या कंपनीचा. गलोंड्याला बनलेला. म्हणजे तपासणीच्या माझ्या टेबलावरून गेलेला.

सरितापुढे काही बोलले नाही. तिला चहा करून पाजला.

११ डिसेंबर

कंपनीत सगळ्यांना कळलंय. आमचे मॅनेजर विजय साहेब सकाळीच सांगून गेले, "आपला काही संबंध नाही. ऑपरेटरचं लक्ष नव्हतं." एवढं मनावर घेऊन सांगायला कोणी विचारलं होतं?

जेवणाच्या सुट्टीत रजिस्टर काढलं. रांध्याला गेलेली पेटी — नंबर ४१८. तारीख ६ नोव्हेंबर. खाली सही माझी.

सहा नोव्हेंबर म्हणजे लाभपंचमी. आठवलं आणि डबा तसाच झाकून ठेवला.

इथे लिहून टाकते, नाहीतर डोकं फुटेल. रिमोटच्या पेटीत अँटेना दोन. दोघे मिळून एकच निरोप पाठवतात — क्रेन पुढे, क्रेन मागे, थांब. शेडमध्ये लोखंडच लोखंड. लहरी त्याच्यावर आपटतात, परत येतात, एकमेकींना खातात. कुठे कुठे तर हातभर जागेत निरोप पोचतच नाही. म्हणून दोन. एकाची वाट बुडाली तरी दुसऱ्याची सहसा बुडत नाही.

केदारने — तो आमचा पुण्याचा इंजिनिअर, वयाने माझ्या मुलासारखा — हे मला तीन वर्षांपूर्वी वहीत काढून दाखवलं होतं. मी नववी पास. आमच्या ह्यांच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात बसून सोल्डर शिकले तेवढंच. त्या आकड्यांना आधी घाबरले. मग माझ्या भाषेत बसवून घेतलं. दोघी जावा सासूकडे, म्हणजे क्रेनवरच्या रिसीव्हरकडे, निरोप घेऊन निघाल्या. पहिल्या फेरीला थोरली अर्धा सांगते, धाकटी उरलेला अर्धा. दुसऱ्या फेरीला अदलाबदल — आणि निरोप उलटा करून, गोधडीची मागची बाजू दाखवावी तसा. सासू दोन्ही फेऱ्या जुळवते, दोघींचा आवाज वेगळा काढते आणि निरोप पुरा करते. केदार इतका हसला होता! "मावशी, हे कॉलेजात असं कुणी शिकवलं असतं तर माझा पेपर राहिला नसता."

पण ह्यातच मेख आहे. एका जावेने तोंडच उघडलं नाही, तरी दुसरीच्या बोलण्यातून सासूला निरोप पुरता कळतो. टेबलावर, तीन हातांवर ठेवून तपासलं तर पेटी पासच होते. मुकी कोण ते कळतच नाही!

म्हणून तर माझी रीत होती. एका अँटेनावर स्टीलचा पेला उपडा घालायचा, दुसऱ्याला एकट्याला बोलू द्यायचं. मग उलट. कागदावर दोन चौकोन आहेत, दोन खुणा करायच्या. पेटीमागे पाच मिनिटं.

आमचे मालक, शेठ, गुजराती; लाभपंचमीला त्यांचा मुहूर्त नऊ बावीसचा. दिवाळीनंतरच्या त्यांच्या नव्या वर्षाचा पहिला टेम्पो त्याच्या आत गेटबाहेर पडला पाहिजे. चार पेट्या राहिल्या होत्या. टेम्पोला ओवाळायचं ताट माझ्याच हातात, दिवा लावलेला. शेठ हाका मारतायत — "भिमाबेन, चालो चालो!" मी चारही पेट्या दोन्ही अँटेना उघडे ठेवून एकदाच बोलवून घेतल्या. चारही पटापट बोलल्या. दोन्ही चौकोनांत खुणा केल्या आणि ताट उचललं.

पेला त्या दिवशी घातलाच नाही.

१२ डिसेंबर

झोप नाही. वरणात मीठ दोनदा पडलं.

१४ डिसेंबर, शनिवार

दवाखान्यात जाऊन आले. बारकू रांध्याचाच, चाळिशीचा असेल, गठ्ठ्यांना साखळी लावायचं काम करतो. बायको उशाशी बसलेली. मी केळी ठेवली. मला ओळखत नाही तो. म्हटलं, लखनच्या शेजारची. तर म्हणाला, "लखनभाई माणूस चांगला आहे. पण क्रेन आली ना अंगावर! मी हात वर केला, ओरडलो, तरी आली." मग पायाच्या बँडेजकडे बघत राहिला. मी बाहेर येऊन व्हरांड्यात बसले.

घरी लखन दारातच बसलेला. त्याला घरी बसवलंय. पुढच्या शनिवारी कारखान्यात चौकशी. त्यात चूक त्याची ठरली तर नोकरी जाणार, आणि निष्काळजीपणाची पोलीस केसही त्याच्यावर उभी राहणार. म्हणतो, "आत्या, सगळे म्हणतात मशीन खोटं बोलत नाही. मग मी काय खोटं बोलून राहिलो का?"

मी म्हटलं, "नाही रे बाबा."

एवढंच म्हटलं. पुढचं गिळलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच.

१६ डिसेंबर, सोमवार

पेटी परत आली! तपासणीसाठी. आणि कुणाच्या टेबलावर? माझ्याच.

दिवसभर हात लावला नाही. तिच्या कडेने दुसरी कामं केली. पिवळा रंग एका कोपऱ्याला उडालाय. बटनाजवळ लखनच्या अंगठ्याचा घासून घासून झालेला डाग.

देवा, बोलू दे रे दोघांना. पडल्यामुळे, पाण्यामुळे, कशामुळेही बिघडलेली निघू दे, पण माझ्यामुळे नको.

१७ डिसेंबर

सकाळी सगळ्यांच्या आधी गेले. पेला घेतला.

उजव्यावर पेला — डावा बोलला. खणखणीत. रिसीव्हरचा हिरवा दिवा लागला.

डाव्यावर पेला — काही नाही. पुन्हा केलं. नाही. पेटी फिरवली, जवळ नेली. नाही! उजवा मुका.

पेटी उघडली, भिंग लावलं. उजव्या अँटेनाच्या मुळाशी सोल्डरचा टाका करडा, दाणेदार. धरलेलाच नाही. नुसता तारेला टेकून बसलेला. आणि तिथले टाके यंत्र घालत नाही. मी घालते. हाताने. "भिमामावशीचा टाका म्हणजे मोती" म्हणतात ना सगळ्या — हा घ्या मोती!

केदारला बोलावलं. त्याने भिंगातून बघितलं आणि खुर्चीवर बसला. मग म्हणाला, "मावशी, एक सांगू? क्रेन थांबायचा वेळ दोन सेकंदांपर्यंत मी वाढवला होता."

ते असं. निरोप येणं बंद झालं की क्रेनने आपणहून थांबायचं. तोवर ती आधीच्याच निरोपावर चालत राहते; आम्ही वाट बघायला अर्धा सेकंद ठेवला होता. रांध्याच्या लोकांची तक्रार आली, क्रेन सारखी मधेच थांबते, माल लोंबकळत राहतो. तेव्हा केदारने अर्ध्याचे दोन केले. आता कळतंय ती मधेच का थांबायची! एकच अँटेना बोलत होता. खांबाजवळ त्याची वाट बुडायची आणि निरोप तुटायचा. आम्ही रोग बघितला नाही, खोकला दाबला.

दोन सेकंदांत क्रेन किती जाते? केदारने सांगितलं. एक माणूस आडवा झोपेल एवढी.

मी विचारलं, "मग लखनने बटन सोडलं होतं हे ह्यातून सिद्ध होतं ना?"

"नाही ना, मावशी. रिसीव्हरमध्ये हुकलेल्या निरोपांचा नुसता आकडा राहतो. कधी हुकले ते राहत नाही. पण सोडलं असेल तरी ती चालत राहू शकते, एवढं सिद्ध होतं."

एवढं पुरे आहे. लखनला एवढंच हवंय.

१८ डिसेंबर

विजय साहेबांना सांगितलं. दार लावून घेतलं त्यांनी. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"ताई, टाका पुन्हा घाला. पेटी बंद करा. शुक्रवारी रांध्याला परत पाठवायची आहे, तपासून ठीक आहे म्हणून."

"आणि लखन?"

"लखनचं मला वाईट वाटतं. खरंच वाटतं. पण बाहेर बघा." काचेतून आमच्या वीसजणी दिसत होत्या, माना खाली, इस्त्री केल्यासारख्या सरळ ओळीत. "हे बाहेर गेलं तर एक ऑर्डर जात नाही, सगळ्या जातात. ह्यांतल्या किती जणींच्या घरात दुसरं कमावणारं आहे? तुम्हाला माहितीये, मला नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, ताई."

नाशिकचा माणूस. पोटात काळं नाही त्याच्या. गेल्या वर्षी माझ्या डोळ्याच्या ऑपरेशनला स्वतःच्या गाडीतून घेऊन गेला होता. म्हणून तर त्रास. राक्षस असता तर सोपं होतं.

टेबलावर आले. सोल्डरची सळई तापत ठेवली. तापली. पेटी समोर उघडी. एका सेकंदाचं काम! पातळ चांदीसारखा थेंब बसवायचा, फुंकर मारायची — आणि उजवा बोलायला लागणार, जसा काही जन्मापासून बोलतच होता.

सळई बंद केली. म्हटलं, उद्या.

१९ डिसेंबर

आजही केलं नाही. विजय साहेब दोनदा येऊन बघून गेले.

२० डिसेंबर, शुक्रवार

सरिता भाजी निवडायला माझ्याकडे बसली होती. म्हणाली, "आत्या, आम्ही गावाला जायचं म्हणतोय. हे म्हणतात, केस झाली तर इथे तोंड कसं दाखवू." मेथीची जुडी हातात तशीच. "ह्यांनी मला कधी खोटं सांगितलं नाही, आत्या. तुम्ही तरी मानता ना?"

मी मानते का म्हणून विचारते! मी!

कंपनीत गेल्या गेल्या पेटी बंद केली. स्क्रू आवळले. वर सील लावलं. विजय साहेब आले, "झालं?"

"झालं, साहेब."

साठ वर्षांत एवढं सरळ खोटं कुणाशी बोलले नव्हते. टाका तसाच आहे. म्हटलं, उद्या पेटी बसवायला मीच जाते, तिथल्या लोकांना नीट दाखवून येते. ते खूश झाले. पाठीवर हात ठेवला. तो हात अजून जड लागतोय.

केदारला जाता जाता सांगितलं, टाका घातलेला नाही. त्याचं तोंड उतरलं. "मावशी, माझं नाव..." एवढंच म्हणाला. घरी नवी बायको आहे, ईशा, लग्नाला वर्ष नाही. मी म्हटलं, "मी माझ्या टाक्याचं आणि माझ्या सहीचं बोलेन. तुझं तू बघ."

कठोर झालं का? झालं असेल.

२१ डिसेंबर, शनिवार

रांध्याहून आले. अंगात ताप आहे बहुतेक. तरी लिहिते.

शेडमध्येच खुर्च्या मांडल्या होत्या. त्यांचे सेफ्टी ऑफिसर, एक मॅनेजर, युनियनचे दोघे, कोपऱ्यात लखन, टोपी हातात चुरगळत. माझ्याकडे बघून सेफ्टी ऑफिसर म्हणाले, "आजी, तुम्ही कोण? पेटी ठेवा तिकडे."

म्हटलं, "ठेवते. पण आधी बोलवून दाखवते."

"इंजिनिअर कुठाय तुमचा?"

"इंजिनिअर नाही आला. मी टेस्टिंग करते."

"शिक्षण?"

"नववी."

युनियनवाला एकजण हसला. दुसरा म्हणाला, "अरे, बोलू दे म्हातारीला, चहा येईपर्यंत."

पिशवीतून पेला काढला तेव्हा सगळेच हसले! मलाही हसू आलं, भीतीने. मी सांगितलं — दोन जावा, एक निरोप, दोन फेऱ्या. रिकामा हुक उचलून दाखवला. उजव्यावर पेला घातला, हुक हलला. डाव्यावर घातला, हुक हलेना. पुन्हा केलं. हसणं थांबलं. मग म्हटलं, आता पेला नको. ही पेटी घेऊन त्या खांबाजवळ चला, जिथे बारकू उभा होता. लखनलाच म्हटलं, चालव. आणि इतरांना म्हटलं, तो अंगठा उचलेल, तुम्ही अंगठ्याकडे बघा.

पहिल्यांदा क्रेन लगेच थांबली. दुसऱ्यांदाही थांबली! तिसऱ्यांदा लखन अर्धं पाऊल डावीकडे सरकला, अंगठा उचलला — आणि हुक पुढे गेला. गेला, गेला, आणि मग थांबला. पत्र्यावर कबुतरं फडफडत होती तेवढीच.

मॅनेजर म्हणाला, "ही पेटी तपासून ठीक आहे असा कागद आलाय तुमच्याकडून."

"कागद खोटा आहे. आधीचाही खोटा होता, त्याच्यावर सही माझी आहे. टाकाही माझा आहे." आणि लाभपंचमीचं सगळं सांगितलं. मुहूर्त, ताट, दिवा. सांगताना लखनकडे बघितलं नाही.

सेफ्टी ऑफिसरने ते दोन सेकंदांचंही विचारलं. मी गप्प बसले. तेवढ्यात मागून आवाज आला, "ते मी वाढवले." केदार! हेल्मेट हातात, घामाघूम, मोटरसायकलवरून आलेला. पोरा, पोरा.

२३ डिसेंबर, सोमवार

गेटवरच थांबवलं. विजय साहेब बाहेर आले. "ताई, तुम्ही माझ्या तोंडावर खोटं बोललात." बस. एवढंच. खरं आहे. मान खाली घालून परत आले.

केदारला महिनाभर घरी बसवलंय. त्याच्या आदल्या दिवशीच त्याने लाभपंचमीच्या बाकी तीन पेट्यांच्या लोकांना फोन करून पेला लावायला सांगितलं. तिन्हींचे दोन्ही बोलतात. हुश्श! आमची ऑर्डर गेलेली नाही अजून, पण सगळ्या पेट्या परत मागवल्यात. बायकांवर काम वाढलंय. रस्त्यात दोघी भेटल्या. एकीने हात धरला, दुसरीने तोंड फिरवलं. दोघींचंही बरोबर आहे.

२६ डिसेंबर

निकाल आला. ऑपरेटरचा दोष नाही. लखन सोमवारपासून कामावर. पोलीस केस नाही. बारकूच्या उपचारांचं कंपन्या आपसात बघणार.

सरिता पाया पडली. मी तिला उठवलं. सुंठीवाचून खोकला गेला नाही, सुंठ माझी गेली. पण गेला तर खरा! पहिल्यांदा पोटभर जेवले. दुपारी चक्क डोळा लागला.

२८ डिसेंबर, शनिवार

सकाळी लखन आला. सरिता नळावर होती. उंबऱ्यातच उकिडवा बसला.

"आत्या, तुम्ही माझ्यापायी नोकरी घालवली. तुमच्यापाशी तरी खरं बोलतो. मला आठवतच नाही. बारकू ओरडला, आन् मग तो खाली पडलेला दिसला. मधलं काहीच नाही. अंगठा उचलला होता का, देवच जाणे. पहिल्या दिवशी सोडलं म्हणालो, मग तेच म्हणत गेलो."

टाका खोटा होता, ते खरं. खांबाजवळ हुक पुढे गेला, तेही खरं. आणि हेही.

म्हटलं, "बारकूला आज घरी सोडतायत. चल माझ्याबरोबर. मला जे सांगितलंस ते त्याला सांग."

मग उठून चपला शोधू लागला.

मीही पातळ बदलते.